एक्स-रे फार काळा किंवा फिका का येतो? पुन्हा काढायला का सांगतात?

‘डॉक्टर, कालच फोटो काढला, आज पुन्हा कशाला?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. खर्च दुप्पट होतो, वेळ जातो आणि पुन्हा किरणे घ्यायची भीतीही असते. काही जणांना तर एक्स-रेवर काळे दिसले की छाती खराब झाली असे वाटते. म्हणून एक्स-रेवरचा काळेपणा म्हणजे काय, तो कशामुळे कमी-जास्त होतो आणि त्यात तुमचा सहभाग किती असतो, हे समजून घेऊ.

काळे काय आणि पांढरे काय?

विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. किरणे शरीरातून जातात आणि पलीकडच्या फिल्मवर किंवा डिजिटल प्लेटवर पडतात. जिथे जास्त किरणे पोहोचतात तो भाग काळा दिसतो. जिथे ती अडतात तो भाग पांढरा दिसतो.

हवा किरणांना फारशी अडवत नाही, म्हणून निरोगी फुप्फुसे काळसर दिसतात. चरबी गडद करडी दिसते. स्नायू, हृदय, रक्त आणि पाणी फिकट करडे दिसतात. हाडे पांढरी आणि धातू सर्वांत पांढरा. म्हणजे छातीच्या एक्स-रेवर काळे दिसणे हे बहुतेक वेळा चांगलेच असते. न्यूमोनियात किंवा छातीत पाणी झाल्यावर तो भाग उलट पांढरा होतो. मात्र फुप्फुसाबाहेर हवा साठली तर तो भाग जास्तच काळा दिसतो. त्यामुळे नुसत्या रंगावरून घरी निष्कर्ष काढू नका.

काळेपणा कशावर अवलंबून असतो?

*किरणांचे प्रमाण.* यंत्रातून किती किरणे सोडायची आणि किती वेळ, हे तंत्रज्ञ ठरवतो. याचे माप मिलिअँपिअर-सेकंद असे असते. ते वाढवले की फिल्म जास्त काळी होते, कमी केले की फिकी राहते.

*किरणांची भेदकता.* हे किलोव्होल्टवर ठरते. हाताच्या पंजाला साधारण ५० ते ६० किलोव्होल्ट पुरतात. छातीसाठी चांगल्या यंत्रावर १०० ते १२५ वापरतात. किलोव्होल्ट १५ टक्क्यांनी वाढवले, तर काळेपणावर किरणांचे प्रमाण दुप्पट केल्याएवढा परिणाम होतो. पण ते फार वाढवले तर हाड आणि मांस यांतला फरक पुसट होतो.

*अंतर.* यंत्रापासूनचे अंतर दुप्पट केले तर प्लेटवर पोहोचणारी किरणे एक चतुर्थांश होतात. छातीचा एक्स-रे शक्यतो ६ फुटांवरून काढतात. त्या अंतरावरून हृदयाचा आकार खऱ्याच्या जवळ दिसतो. म्हणूनच ‘इथेच उभे राहा, हलू नका’ असे सांगतात.

*शरीराची जाडी.* साधारण दर ४ ते ५ सेंटिमीटर जाडीला किरणे जवळपास निम्मी होतात. त्यामुळे सडपातळ आणि स्थूल व्यक्तीसाठी एकच मोजमाप चालत नाही. जाड भागातून किरणे इकडेतिकडे विखुरतात आणि चित्रावर धूसर पडदा येतो. तो कमी करण्यासाठी प्लेटपुढे शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी लावतात.

*आजार.* पोटात किंवा छातीत पाणी असेल तर किरणे जास्त लागतात. हाडे ठिसूळ झाली असतील किंवा फुप्फुसात हवा कोंडलेली असेल तर कमी पुरतात. प्लास्टर घातलेल्या हाताला, विशेषतः प्लास्टर ओले असताना, जास्त लागतात. म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिलेली आजाराची माहिती तंत्रज्ञाला जरूर दाखवा.

*फिल्म धुणे.* जुन्या पद्धतीत रसायनाचे तापमान, वेळ आणि ताजेपणा यांवरही काळेपणा ठरतो. डिजिटल यंत्रात हा प्रश्न नाही. उजेड-काळोख संगणकावर बदलता येतो. तरीही किरणेच कमी पडली असतील तर चित्र रवाळ येते आणि त्यात नसलेली माहिती संगणक आणू शकत नाही.

यात धोका काय?

एक्स-रे गरजेपेक्षा काळा आला तर न्यूमोनियाचा किंवा क्षयाचा लहानसा डाग त्या काळोखात हरवू शकतो. फिका आला तर फुप्फुसातल्या नेहमीच्या रक्तवाहिन्याही ठळक दिसतात आणि डाग असल्याचा भास होतो. श्वास पूर्ण भरलेला नसेल तर फुप्फुसांचा खालचा भाग पांढरट दिसतो आणि हृदय मोठे वाटते. झोपवून समोरून काढलेल्या एक्स-रेतही हृदय मोठे दिसते. रुग्ण थोडा वळलेला असेल तर एक बाजू दुसरीपेक्षा काळी येते. स्तनाची शस्त्रक्रिया झाली असेल तर त्या बाजूचे फुप्फुस जास्त काळे दिसू शकते. ही माहिती आधीच द्या.

यातून नको ते औषध सुरू होऊ शकते किंवा हवे ते राहून जाऊ शकते. एक्स-रेवरून क्षयाचा संशय येतो, पण खात्रीसाठी थुंकीची तपासणी लागते. तसेच ‘हाडे फिकी दिसतात’ एवढ्यावरून हाडे ठिसूळ आहेत असे ठरवू नये. साध्या एक्स-रेवर हा बदल साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त घनता गेल्यावरच नीट दिसतो. त्यासाठी डेक्सा ही वेगळी तपासणी आहे.

पुन्हा काढला तर किरणांचे काय?

छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट एवढी किरणे मिळतात. माती, आकाश आणि अन्न यांतून आपल्याला वर्षभरात जगभराच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणून गरज असताना छातीचा एक्स-रे पुन्हा काढायला घाबरू नका. कंबरेच्या किंवा पोटाच्या एक्स-रेत किरणे यापेक्षा बरीच जास्त असतात. त्यामुळे ‘पहिल्यात काय कमी होते?’ असे शांतपणे विचारा. तो तुमचा हक्क आहे.

तुम्ही काय करू शकता?

- मंगळसूत्र, साखळी, ताईत, हुक असलेले कपडे काढून ठेवा. खिशातला मोबाईल आणि नाणी बाजूला ठेवा.
- छातीचा एक्स-रे असेल तर लांब केस वर बांधा. वेणीची सावली फुप्फुसावर डागासारखी दिसते.
- सांगितल्यावर खोल श्वास घ्या आणि रोखून धरा. दम लागत असेल तर आधीच सांगा.
- लहान मूल हलू नये म्हणून कोणाला धरावे लागले, तर त्याने शिशाचा एप्रन मागून घ्यावा. गर्भवतीने ते काम करू नये.
- पाळी चुकली असेल किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर एक्स-रेच्या आधीच सांगा.
- जुने एक्स-रे फेकू नका. डाग नवा की जुना, हे तुलनेवरूनच कळते.
- फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवून सल्ला घेणे टाळा. खिडकीचा उजेड आणि मोबाईलचा कॅमेरा दोन्ही मिळून काळेपणा बदलतात. मूळ फिल्म किंवा सीडी दाखवा.

एक शेवटची सूचना

‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणजे आजार नाहीच, असे नाही. काही बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत दिसत नाहीत आणि १० ते १४ दिवसांनी दिसतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त किंवा न थांबणारी वेदना असेल तर चांगल्या एक्स-रेवर समाधान मानू नका, पुन्हा डॉक्टरांकडे जा. अचानक छातीत दुखून दम लागला तर एक्स-रेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.