हात केला, आता थांबूही या

अमेरिकेतल्या एखाद्या लांबच्या रस्त्यावर दोन मोटरसायकली समोरासमोरून येतात. स्वार एकमेकांना ओळखत नाहीत. तरी जवळ येताच दोघांचा डावा हात हँडलवरून सुटतो, खाली झुकतो आणि दोन बोटे रस्त्याकडे वळतात. हा त्यांचा नमस्कार. दुसऱ्या क्षणी दोघे आपापल्या वाटेने गेलेले असतात.

ही पद्धत कुणी सुरू केली याच्या कथा पुष्कळ आहेत. त्यातली एक १९०३ साली मिलवॉकीत सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या संस्थापकांची आहे. ती कथा म्हणूनच ऐकावी. पण अशी प्रथा का रुजली हे समजणे अवघड नाही. तेव्हा मोटरसायकली थोड्या, रस्ते खराब, पट्टे तुटायचे, टायर फुटायचे. समोरून दुसरा स्वार दिसला की धीर यायचा. हात करण्याचा अर्थ होता, अडलास तर मी आहे.

हात डावाच का? उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलेटर असतो, तो सोडला की गाडी मंदावते. शिवाय अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे डावा हात समोरच्याच्या बाजूला येतो. ब्रिटनमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. तिथे बरेच स्वार नुसती मान हलवतात. फ्रान्समध्ये मोटारवाल्याने वाट दिली, तर पुढे जाणारा स्वार उजवा पाय बाहेर काढून आभार मानतो.

आपल्या देशात ही रीत खरी दिसते ती मनाली-लेह रस्त्यावर. पाच हजार मीटरहून उंच खिंडी, मैलोन्‌मैल गॅरेज नाही. तिथे समोरून येणारा हात उंचावतो, अंगठा दाखवतो. गाडी बंद पडली तर मागून येणारा अनोळखी स्वारच पहिला मेकॅनिक असतो.

आपल्या गावात मात्र दूधवाला, शिक्षक, विद्यार्थी, सगळेच दुचाकीवर. कुणाकुणाला हात करणार? आणि करूही नये. क्लच डाव्या हातात असतो. गर्दीत, वळणावर किंवा खड्ड्यात एक हात सुटला तर तोल जातो.

इथे आपल्याला एक जुनी शिकवण आठवते. वाहनावर असलेल्याने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. स्वाराच्या मनात मोठेपणा शिरू नये, हे त्यामागचे एक कारण विद्वान सांगतात. मोटरसायकलवाल्यांचा हात बहुधा मोटरसायकलवाल्यालाच असतो. कधी कधी तर आपल्याच कंपनीची गाडी पाहून तो उठतो. सलाम मात्र ज्याच्याकडे वाहन नाही त्याच्याकडे आधी जातो. आजच्या रस्त्यावर याचा अर्थ साधा आहे. पायी चालणाऱ्याला वाट द्यावी, म्हाताऱ्या माणसासाठी ब्रेक दाबावा.

आणि कुणी पडलेला दिसला तर थांबावे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. पडलेल्याभोवती गर्दी जमते, मोबाईल निघतात, पण हात लावायला लोक कचरतात. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती घराघरांत आहे. आपणच मुलांना सांगतो, ‘बेटा, कशात पडू नकोस.’

ही भीती आता सोडायला हवी. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली तरी, खटला भरता येत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. महाराष्ट्रात १०८ फिरवला की रुग्णवाहिका येते.

म्हणून मुलाच्या हाती गाडीची चावी देताना अम्मी-अब्बांनी तीन गोष्टी सांगाव्यात. हेल्मेट घाल, चालणाऱ्याला आधी वाट दे, आणि कुणी पडलेला दिसला तर पुढे निघून जाऊ नकोस. आपला मुलगा रस्त्यावर पडला, तर त्याच्यासाठीही कुणा अनोळखी माणसालाच थांबावे लागणार आहे.