तिसऱ्या रांगेतलं हसू

दाराच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली, भिंतींवर फोमचे काळे चौकोन आणि पंखा बंद. पंख्याची घरघर माइकमध्ये उतरते, म्हणून एप्रिलातही तो बंदच. पुण्यात कर्वेनगरच्या एका जुन्या इमारतीतली ही खोली. टेबलाशी दोन स्टँडअप कॉमेडियन समोरासमोर बसतात, पाण्याच्या बाटल्या जमिनीवर ठेवतात आणि मी कोपऱ्यात हेडफोन चढवून बसते. ध्वनिमुद्रण आणि संकलन ही माझी कामं. महिन्यातून दोनदा ही जोडी येते आणि देव, नीती, मूल जन्माला घालावं की नाही, मरण अशा विषयांवर बोलते.

सुरुवातीला मी त्यांना मिनिटभर गप्प बसायला सांगते. रिकाम्या खोलीचा आवाज, म्हणजे रूम टोन, मला वेगळा लागतो. पुढे एखादं वाक्य कापलं की त्या जागी तो भरायचा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला तिथे खड्डा लागतो. हे मिनिट दोघांना फार जड जातं. स्टेजवर पंचनंतर शांतता पडली की बिट मेला, हे त्यांच्या अंगात भिनलेलं आहे.

त्या दिवशी विषय मरणाचा होता. दोघांतला धाकटा वहीत एपिक्युरस उतरवून आला होता. इसवी सनापूर्वी ३४१ मध्ये जन्मलेल्या या ग्रीक तत्त्वज्ञाचं म्हणणं त्याने आपल्या भाषेत मांडलं: मी आहे तोवर मरण आलेलं नसतं आणि ते आलं की मी उरत नाही, ज्याच्याशी गाठच पडणार नाही, त्याला भ्यायचं कशाला?

थोरला जरा थांबला. मग म्हणाला, "सोसायटीच्या मीटिंगसारखं. मी जातो तेव्हा कोरम नसतो, कोरम असतो तेव्हा मी नसतो."

मी हसू दाबलं. पण ते वाक्य मला विनोदापेक्षा पावती म्हणून मोलाचं वाटलं. मुद्दा त्याला पूर्ण कळला होता आणि ऐकणाऱ्यालाही आता कळणार होता. या कामात मला दोन प्रकारचे विनोद ओळखता यायला लागले आहेत. एक समजल्यावर येतो, दुसरा पळून जाण्यासाठी. स्क्रीनवर ते चक्क दिसतात. दोघांचे ट्रॅक वेगळे असतात, एकाखाली एक. पळवाटेचा विनोद समोरच्याच्या शेवटच्या शब्दावर चढलेला असतो, लाटेवर लाट. समजून केलेल्या विनोदाआधी श्वास असतो, छोटासा, पण असतो. मोठ्या प्रश्नांवर बोलताना पळवाटेचे विनोद मी निर्दयपणे कापते. त्यावर दोघांशी माझं भांडणही झालेलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण असतं आणि उत्तररंगात आख्यान. ही माणसं उत्तररंगापासून सुरू करतात. सिद्धान्त टेबलावर आला की त्यांना आधी माणूस आठवतो, प्रसंग आठवतो. त्यावर घासून पाहिल्याशिवाय ती सिद्धान्ताला हात लावत नाहीत. त्या दिवशीही तसंच झालं.

"पण हा माझ्या मरणाबद्दल बोलतोय," थोरला म्हणाला. "बाबांच्या मरणाचं काय? तिथे ते नाहीत, पण मी आहे की."

मग त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांना कमी ऐकू यायचं. शोला ते तिसऱ्या रांगेत कडेला बसायचे, शेजारी आई. पंच पडला की आई तो त्यांच्या कानात पुन्हा सांगायची. सगळं सभागृह हसून संपायचं आणि मग एकट्या बाबांचं हसू यायचं. सुरुवातीला त्याला त्याची लाज वाटायची. पुढे तो त्या हसण्यासाठी थांबायला लागला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. "अजून थांबतो," तो म्हणाला. "आवडत्या पंचनंतर. लोकांना वाटतं माझं टायमिंग आहे."

त्यानंतर कुणीच बोललं नाही.

घरी येऊन मी दोन तास दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण उघडलं. नेहमीप्रमाणे पहिला हात सॉफ्टवेअरचा: लांब विराम शोधून ते आपोआप आखडतं. मग गोंगाट कमी करायचा, आवाजाच्या पातळ्या जुळवायच्या आणि सगळं उणे १६ लफ्स या पातळीला आणायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला फोनचा आवाज सारखा कमी-जास्त करावा लागत नाही. हे सगळं करून मी सलग ऐकायला बसले आणि ती गोष्ट खोटी वाटायला लागली. "टायमिंग आहे" संपताच धाकटा पुढचा प्रश्न विचारत होता. एखाद्याने मयताच्या घरी जाऊन लगेच घड्याळाकडे बघावं, तसं.

मूळ फाइल काढली. तिथे पाच सेकंदांची शांतता होती. जगभरातल्या दहा भाषांमधल्या गप्पांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात दिसलं. त्या मापाने पाच सेकंद म्हणजे युग. मी धाकट्याचा ट्रॅक मोठा करून पाहिला. दुसऱ्या सेकंदाला ओठ उघडल्याचा बारीक आवाज, मग आत घेतलेला श्वास. त्याच्याकडे विनोद तयार होता. तो त्याने केला नाही. श्वास तसाच हळूहळू सोडला.

हा न केलेला विनोद मी यंत्राकडून कापून घेतला होता.

प्लेटोच्या 'सिम्पोझियम'चा शेवट मला त्या रात्री आठवला. पहाट होत आली आहे आणि सॉक्रेटीस विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस आणि शोकनाट्यं लिहिणारा अगाथॉन यांना पटवून देतो आहे की, सुखात्मिका आणि शोकात्मिका एकाच माणसाला लिहिता यायला हव्यात. आधी ॲरिस्टोफेनिसचा डोळा लागतो, मग अगाथॉनचा. आणि हा वृत्तान्त पुढे सांगणारा ॲरिस्टोडेमस स्वतःच पेंगत होता, म्हणून तो युक्तिवाद आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. ते वाचताना मला दरवेळी हळहळ वाटते. नोंद ठेवणारा जागा असता तर!

डंकन ट्रसेल या अमेरिकन कॉमेडियनने २०१३ मध्ये आपल्या आईशी पॉडकास्टवर संवाद केला होता. कर्करोग झालेल्या त्या मानसतज्ज्ञ बाई त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या. २०२० मध्ये 'द मिडनाइट गॉस्पेल' या ॲनिमेशन मालिकेचा शेवटचा, आठवा भाग त्या संवादावर बेतला गेला. त्यात तो रडतो आणि ते रडणं तसंच ठेवलेलं आहे. ज्याने ते ठेवलं त्या संकलकाचे मला मनापासून आभार मानावेसे वाटतात.

मी सगळं पुन्हा हाताने केलं. विराम एकेक करून ऐकले. विचार करताना पडलेले ठेवले, शब्द सापडेना म्हणून पडलेले आखडले. फरक नेहमी कळतोच असं नाही. तिथे मी डोळे मिटून तीन-चारदा ऐकते आणि खात्री नसेल तर ठेवते. ते पाच सेकंद पूर्ण ठेवले. वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी त्यात अंधूक ऐकू येते. ती काढली तर धाकट्याचा श्वासही विरत होता, म्हणून शिट्टीही राहू दिली.

पहाटे फाइल पाठवली. नऊच्या सुमारास थोरल्याचा फोन आला.

"ताई, ते बाबांचं कितव्या मिनिटाला आहे?"

"एक्केचाळिसाव्या. का?"

"आईला ऐकवायचंय."