अधूनमधून चुकणारे यंत्र

बँकेत ज्यांनी हाताने लेजरे लिहिली, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. रोज चुकणाऱ्या कारकुनाची कुणाला भीती नसते. त्याचे काम दुसरा कुणीतरी तपासतोच. भीती असते ती महिन्यातून एकदा चुकणाऱ्याची. बॅलन्सिंगमधला फरक ९ ने भागला गेला तर कुठेतरी ६३ चे ३६ झाले असावेत, हे आम्ही नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो. पण आज दिसणारा आणि उद्या आपोआप नाहीसा होणारा फरक? त्याला कुठला नियम लावायचा?

निवृत्तीनंतर हाच प्रश्न माझ्यासमोर आला तो संगणकाच्या रूपाने. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘मामा, तयार घेऊ नका, मी जोडून देतो,’ असे म्हणून त्याने लॅमिंग्टन रोडच्या चार फेऱ्या मारल्या आणि पेन्शनरला झेपेल असे यंत्र उभे केले. बाकीचे भाग नवे. मेमरी मात्र जुनी. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव भडकले. तेव्हा ८ जीबीची एक पट्टी त्याच्याकडे पडून होती ती घेतली, दुसरी तेवढ्याच क्षमतेची सेकंडहँड आणली. कंपन्या वेगळ्या, पण दोन्हींवर वेग एकच छापलेला : ३६००.

चार दिवस यंत्र गुणी बाळासारखे वागले. पाचव्या दिवशी निळा पडदा. मग दोन दिवस शांतता. मग एक फाइल ‘खराब आहे’ म्हणून उघडेना, आणि यंत्र बंद करून चालू केल्यावर तीच फाइल बिनतक्रार उघडली! घरात निदाने सुरू झाली. कुणी विजेला दोष दिला, कुणी व्हायरसला. शेजारच्यांनी ‘फॉरमॅट मारा’ हा सर्वरोगहर उपाय सुचवला. एका दुरुस्तीवाल्याने पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने घासून दिली. आपल्या दमट हवेत टोकांवर मळ धरतो, त्यामुळे हा उपाय कधीकधी लागूही पडतो. पण पट्टी काढून पुन्हा नीट बसवणे एवढ्यानेच पुष्कळदा काम होते आणि श्रेय खोडरबराला जाते. आमच्या बाबतीत त्याने तीन दिवसांची उधारी मिळाली, एवढेच.

मेमरी म्हणजे काय, हे भाच्याने मला समजावले ते मला आवडले. तळाला भोक असलेल्या घागरींची रांग. घागर भरली असेल तर १, रिकामी असेल तर ०. सगळ्याच गळक्या, म्हणून यंत्र दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक घागर पाहते आणि भरलेली पुन्हा भरते. उन्हाळ्यात गळती वाढते. माझ्या १६ जीबीत अशा १३,७०० कोटींहून अधिक घागरी आहेत. हे कळल्यावर यंत्र चुकते याचे नव्हे, चालते याचेच आश्चर्य वाटू लागले.

शोध मात्र आम्ही बँकेच्या पद्धतीने केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मेमटेस्ट नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, १९९० च्या दशकापासूनचा. पेन ड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतो; प्रत्येक घागरीत ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून ताळा करतो. इथे एकही चूक माफ नाही. पहिल्या रात्री दोन्ही पट्ट्या लावून चालवला, चौथ्या तासाला चुका दिसू लागल्या. संशय अर्थात सेकंडहँड पट्टीवर! दुसऱ्या रात्री ती एकटीच लावली. सकाळपर्यंत एकही चूक नाही. तिसऱ्या रात्री जुनी एकटी, तीही निर्दोष. चौथ्या रात्री खाच बदलून पाहिली, तरी तेच.

म्हणजे गुन्हेगार कुणीच नव्हते. वाईट होती ती जोडी. ३६०० हा आकडा पट्टीचा नैसर्गिक वेग नसतो. बायोसमध्ये एक्सएमपी नावाची सोय चालू केली, की वाढीव व्होल्टेजवर तो मिळतो. हाच वेग कंपनी तपासते तो एका खोक्यात एकत्र विकलेल्या पट्ट्यांवर. वेगळ्या घरच्या दोघींना एकाच तालावर नाचवण्याची हमी कुणी दिलेली नसते. आम्ही एक्सएमपी बंद केले आणि वेग २६६६ वर आणला. दोन रात्री परीक्षा चालली, एकही चूक नाही. मला टंकलेखनात काडीचा फरक जाणवत नाही.

पण माझी खरी धास्ती तिथून सुरू झाली. निळा पडदा पडतो तेव्हा निदान कळते तरी. न पडता जी घागर उलटली तिचे काय? २००३ साली बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात, मतदान यंत्राने एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त दिली. शक्य होती त्याहून मते जास्त झाली म्हणून चूक पकडली गेली. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात, एकच बिट उलटल्याची खूण. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या यंत्रातही २०२२ साली मेमरीची पट्टी बिघडली, तेव्हा त्यांना आधी संशय आला तो सॉफ्टवेअरचाच. बँकांच्या सर्व्हरमध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिटे तपासनीस म्हणून बसवलेली असतात; एक चूक ती स्वतः दुरुस्त करतात, दोन झाल्या तर ओरडतात. घरगुती स्वस्त यंत्रात हा तपासनीस ठेवत नाहीत. पैसे वाचतात. मला ही काटकसर अजिबात पटत नाही.

कारण त्या तीन आठवड्यांत माझ्या कादंबरीचे हस्तलिखित याच यंत्रावर रोज उघडत होते, सेव्ह होत होते. संगणकात आपली अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने आकडे म्हणून बसतात. त्यामुळे त आणि थ, द आणि ध, प आणि फ, ख आणि ग यांच्यात अंतर असते फक्त एका बिटाचे. सुदैवाने बँकेची सवय सुटलेली नाही. दर शनिवारची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर असते. जुनी प्रत आणि नवी प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडायला बसलो.

एकशे चाळिसाव्या पानावर सापडले. जुन्या प्रतीत होते, ‘माणसाचे घर त्याच्या ताटावरून ओळखावे.’ नव्या प्रतीत ‘थाटावरून’. दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही वाक्ये सुबोध. कुठलाही शुद्धलेखन तपासनीस त्यावर बोट ठेवणार नाही. बरे, यंत्रानेच केले म्हणावे, तर इन्स्क्रिप्ट कळफलकावर त आणि थ एकाच कळीवर आहेत, फरक केवळ शिफ्टचा. ख चा ग झालेला दिसला असता तर संशय सरळ यंत्रावर गेला असता, कारण त्या कळा वेगळ्या आहेत. इथे बोट आणि बिट दोघांनाही तेवढीच संधी होती.

भाच्याने ते पान वाचले आणि म्हणाला, ‘मामा, थाट जास्त चांगलं वाटतं.’

मी ताट ठेवले आहे. हस्तलिखित ३१२ पानांचे. ताडून झाली आहेत १९०.