सरवा वेचणारी सून

संकटातली सोबत : लेखांक ४

ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले आणि तोंड उघडल्यावर त्यालाच दोष देऊ लागले, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. आज रूथकडे वळू. जुन्या करारातलं हे पुस्तक अवघ्या ४ अध्यायांचं, ८५ वचनांचं.

बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख आणि नामी दोन मुलांना घेऊन मवाबात गेले. तिथे आधी अलीमलेख वारला. मुलांनी मवाबी मुलींशी लग्नं केली आणि सुमारे १० वर्षांत तेही गेले. मागे उरल्या तीन विधवा. नामी परत निघाली तेव्हा तिने दोन्ही सुनांना माहेरी जायला सांगितलं. अर्पा रडत रडत परतली. तिला शास्त्र दोष देत नाही, आपणही देऊ नये.

रूथने मात्र मरेपर्यंत सासूला न सोडण्याचा शब्द दिला. हा भाग लग्नांतही हौसेने वाचतात, पण तो शब्द नवऱ्याला नाही, सासूला दिलेला आहे. जात्यावरच्या ओव्यांतून सासुरवासाची गाऱ्हाणी गाणाऱ्या आपल्या मुलखात तरी हे विसरलं जाऊ नये.

माझ्या मते रूथची खरी कसोटी त्या शब्दानंतर सुरू होते. तिचं बोलणं ऐकून नामी काय म्हणाली? काहीच नाही. तिने आग्रह सोडला, एवढंच. बेथलेहेमात पोचल्यावर बायका गोळा झाल्या तेव्हा ती म्हणाली की भरल्या हाताने गेले होते, परमेश्वराने रिकामी परत आणलं. हे ती बोलत होती तेव्हा रूथ तिच्या शेजारीच उभी होती! दुःखाने कडवट झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग सावकाश वाचावा. आपण जवळ आहोत हे त्या माणसाला दिसतही नाही, असे दिवस येतात.

रूथ रागावल्याचं कुठे लिहिलेलं नाही. सातूची कापणी सुरू होती. ती सरवा वेचायला निघाली. कापणी करताना शेताच्या कडेचं पीक आणि गळालेली कणसं गरिबांसाठी, परक्यांसाठी राहू द्यावीत, असा मोशेच्या नियमशास्त्राचा दंडक होता. पण परक्या, एकट्या बाईला शेतात धोकाही होता. म्हणून तर तिला हात लावू नका, असं शेताचा मालक बवाज याने गड्यांना बजावलं. वेचलेलं झोडल्यावर संध्याकाळी एफाभर, म्हणजे साधारण २० ते २२ लिटरच्या मापाचे सातू निघाले. शिवाय दुपारी बवाजने दिलेल्या हुरड्यातला उरलेला तिने सासूसाठी राखून ठेवला होता. इतक्या कष्टाच्या दिवशीही तिला घरच्या माणसाच्या भुकेची आठवण होती. मला ही सून सगळ्यात जास्त इथे दिसते.

ते धान्य पाहून नामीच्या तोंडून परमेश्वराची स्तुती निघाली. रूथ सातूची आणि पुढे गव्हाची कापणी संपेपर्यंत वेचत राहिली. नंतर बवाजने वेशीत १० वडीलजनांसमोर तिला पत्नी करून घेतलं. त्यांचा मुलगा ओबेद हा दावीद राजाचा आजोबा. मत्तयाने येशूच्या वंशावळीत या मवाबी बाईचं नाव आवर्जून घेतलं आहे. सात मुलांपेक्षा ही सून अधिक आहे, हे नामीला अखेर गावच्या बायकांनी सांगितलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नामीने सुनांना मोकळं केलं होतं. रूथ राहिली ती स्वखुशीने. घरात मारझोड सोसणाऱ्या बाईला रूथचं उदाहरण देऊन गप्प बसवणं हा शास्त्राचा गैरवापर आहे.

आणि रूथ एकटी पुरली नाही. कडेचं पीक राखायला सांगणारा नियम होता, तो मनापासून पाळणारा बवाज होता. तुमच्या मंडळीतही अंथरुणाला खिळलेल्या सासूचं किंवा विस्मरणाने ग्रासलेल्या वडिलांचं करणारं कुणीतरी असेल. त्यांचं कौतुक सगळेच करतात. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांना विचारा, कोणत्या दुपारी तुमच्या जागी येऊन बसू? आणि त्या दुपारी नक्की जा.