सुटा भाग मिळणार नाही

मे महिन्यात पुतण्याच्या मासेमारीच्या रिळातली एक स्प्रिंग तुटली. बेल (दोरा फिरकीवर वळवणारी कडी) पाडणारी, बोटाच्या पेराएवढी तार. रीळ नावाजलेल्या कंपनीचं, घेऊन फार वर्षं झालेली नव्हती. कंपनीकडे विचारणा केली तर गुळगुळीत उत्तर आलं : या मॉडेलचे सुटे भाग आम्ही विकत नाही, मात्र नव्या मॉडेलवर सवलत देता येईल. पुतण्याने सवलत घेतली. तो शहाणा आहे. मला मात्र ते उत्तर लागलं ते लागलंच. कोयनेकाठच्या आमच्या पाटण तालुक्यात रिळं कशी दुरुस्त होत गेली, याचा पुढचा सगळा मागोवा त्याच रागातून लिहिलेला आहे, हे वाचणाऱ्याने आधीच धरून चालावं.

कोयना महाबळेश्वराहून निघते, दक्षिणेला धावते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि पाटणात केरा नदीला सोबत घेऊन कराडकडे जाते. धरण झाल्यापासून ती उन्हाळ्यातही वाहती असते. पायथ्याच्या वीजगृहाची दोन्ही जनित्रं चालली की सिंचनासाठी २१०० क्युसेक पाणी खाली सुटतं, ते थेट सांगलीच्या शेतीपर्यंत पोचतं. डोहात बसून हातगळ टाकणाऱ्याला त्याचं काही नाही. पण असल्या वाहत्या पाण्यात मोठा शिवडा किंवा कटला लागला, की हातातून पळणारा तंगूस तळवा चिरत जातो. त्यामुळे आमच्याकडे रिळाची हौस शहरी लोकांना वाटते तितकी हौस नव्हती.

साठ आणि सत्तरची दशकं मी ओलांडूनच जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांनी पुरेसं सांगून ठेवलंय, आणि आमच्या तालुक्याबद्दल कुणीही काहीही लिहायला बसलं की तिथूनच सुरू करतो, याचा मला कंटाळा आहे. ऐंशीच्या दशकातली कामाची गोष्ट एकच, मुंबई. पाटण तालुक्यातल्या घरटी एक माणूस गिरणीत, गोदीत नाहीतर माथाडीत. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील मंद्रुळकोळ्याचे, म्हणजे याच तालुक्यातले. ते गेले १९८२ च्या मार्चमध्ये, आणि गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षीच्या जानेवारीत. त्या वर्षात पुष्कळांच्या पत्र्याच्या ट्रंका गावी परत आल्या. आमच्या चुलत्यांच्या ट्रंकेत एक मिचेल ३०० निघालं. पवईच्या तलावावर साहेबलोक गळ टाकताना त्यांनी पाहिले होते, आणि चोरबाजारात तसंच रीळ दिसल्यावर अर्धा पगार मोजला होता. काकी पुढची कित्येक वर्षं त्यावरून बोलत.

आता नव्वदचं दशक. इथे मी थांबणार आहे.

पेपरात तेव्हा रोज येत होतं की देशाची दारं उघडली, आता परदेशी माल येणार. पाटणच्या पेठेत कोकाकोला आला, रिळाचा सुटा भाग काही आला नाही. चुलत्यांचं मिचेल माझ्याकडे आलं तेव्हा त्याची बेलची स्प्रिंग तुटलेली होती (त्या मॉडेलचं जगभरचं दुखणं तेच), आत वाळलेल्या ग्रीसचा काळा चिकटा होता, आणि ब्रेक एकतर घट्ट बसायचा नाहीतर सुटायचा. दुरुस्तीला कराडला एक गृहस्थ होते. मासेमारीतले मोठे जाणते म्हणून त्यांचं नाव होतं. ते रीळ घेत, आतल्या खोलीत जात, दार लोटून घेत. बाहेर आल्यावर पैसे सांगत. काय बिघडलं होतं, हे विचारलं तर म्हणत, "तुम्हाला काय करायचंय?" आमच्या एका मित्राच्या अ‍ॅबू रिळातली चांगली बेअरिंग त्या आतल्या खोलीत बदलली गेली, असा आमचा तेव्हाही संशय होता आणि आजही आहे. विद्येवर दार लोटणाऱ्या त्या माणसाचे उपकार मात्र मानायला हवेत. ते जरा बरे वागले असते तर मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नसता.

मी स्वतः शिकलो असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर मला पेठेने शिकवलं, आणि त्यात मासे धरणारा एकही नव्हता.

पहिले घड्याळवाले. स्टँडकडून पेठेत शिरताना डाव्या हाताला, एका माणसाला जेमतेम बसता येईल एवढी टपरी. डोळ्यात भिंग अडकवून एचएमटी उघडून बसलेले असत. मिचेल त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा मला वाटलं होतं हसतील. त्यांनी बाजूचं झाकण काढलं, चाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "हे घड्याळवाल्याचंच काम आहे." ते किती खरं बोलले होते हे मला फार नंतर वाचनात आलं. मिचेल बनवणारी कार्पानो अँड पाँस ही फ्रान्समधल्या क्लूझची, आणि क्लूझ हे घड्याळाचे भाग बनवणाऱ्यांचं गाव. स्वीडनचं अ‍ॅबू तर नावापासून घड्याळाचा कारखाना. १९२१ मध्ये स्वँगस्टा इथे सुरू झाला, मग टॅक्सीचे मीटर बनवू लागला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा रिळांकडे वळला. पाटणच्या टपरीतल्या माणसाने यातलं काही न वाचता नुसत्या दातांच्या घडणीवरून घराणं ओळखलं.

त्यांच्याकडून मी घेतलं ते असं. सुटलेला प्रत्येक भाग पांढऱ्या कागदावर निघाल्या क्रमाने मांडायचा आणि उलट्या क्रमाने चढवायचा. धुवायला रॉकेल, पण शेवटचा हात पेट्रोलचा, कारण रॉकेल मागे तेलकटपणा ठेवतं. तेल सुईच्या टोकाने, एक थेंब; जास्त झालं की ते धूळ बोलावून आणतं. बेअरिंगला तेल आणि दात्यांना ग्रीस का, हेही त्यांनीच सांगितलं. फेकताना बेअरिंग भन्नाट फिरते, तिथे ग्रीस तिला धरून ठेवतं. दाते एकमेकांवर दाबाखाली घासतात, तिथे तेल पिळून बाहेर पडतं आणि धातूवर धातू येतो. रिळावर लिहिलेली पुढची सगळी पुस्तकं मला या दोन वाक्यांचा विस्तार वाटली.

रीळ उलटं फिरू न देणारा खटका सायकलवाल्याने समजावला. फ्रीव्हील उघडून त्याने आतली दोन कुत्री दाखवली, त्यांच्या मागची केसासारखी स्प्रिंग दाखवली, आणि म्हणाला, तुमच्यात एकच कुत्रं आहे, त्याचं नाक झिजलंय. कानशीने नाकाला पुन्हा धार दिली. पैसे घेतले नाहीत, पुढच्या खेपेला मरळ आणा म्हणाला.

ब्रेकच्या चकत्या हा खरा अवघड भाग. मासा जोर करतो तेव्हा फिरकी किती ओढीवर सरकू द्यायची हे त्या चकत्यांवर ठरतं; त्या अडखळल्या तर तंगूस तुटतो, मासा गेला. जुन्या रिळांत त्या कातड्याच्या असत. चपला शिवणाऱ्या काकांनी कोल्हापुरीच्या तळव्याचं कातडं दिलं. ते फार जाड निघालं, म्हणून मग आतल्या अस्तराचं दिलं, आणि एरंडेलात रात्रभर बुडवून ठेवायला सांगितलं. कातडं कोरडं राहिलं तर कोयनेच्या पाण्याने फुगतं आणि ब्रेक जाम होतो. तेल प्यायलेलं कातडं पाणी पीत नाही. चकतीला भोक मधोमध पाडायचं हे ऐकायला सोपं आहे. त्यांनी ते चपलेच्या पंचने नजरेवर पाडलं, आणि ते मधोमधच होतं.

चौथा माणूस पोफळीच्या वीजगृहातला फिटर. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याचं काम जोरात होतं ती वर्षं, १३ मार्च १९९९ ला शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट करून पाणी बोगद्यात घेतलं त्याच्या आधीची. सुटीच्या दिवशी तो कुंभार्ली घाट चढून आमच्याकडे येई. त्याच्या खिशात मायक्रोमीटर असे आणि पितळी शिमचा पत्रा. मिचेलचं हँडल हलवलं की आत टकटक होई. आम्हाला ते वय वाटत होतं, त्याने ती जागा मोजली. कागदाहून पातळ चकती कापून शाफ्टवर चढवली आणि टकटक गेली. अजस्र टर्बाइन सांभाळणारा तो हात मुठीएवढ्या यंत्रावर तितकाच गंभीरपणे चाले. अ‍ॅबूच्या फिरकीवरचे दोन छोटे फायबरचे ठोकळे कशासाठी, हे त्याने एका वाक्यात सांगितलं. फिरकी वेगात आली की ते बाहेर फेकले जातात आणि कडेला घासून तिला आवरतात, नाहीतर दोरा सुटण्यापेक्षा फिरकी जास्त फिरून गुंता होतो. कराडच्या आतल्या खोलीत याच ठोकळ्यांचं मोठं रहस्य केलेलं होतं.

बेलची स्प्रिंग शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाली. कारखान्यांच्या त्या गल्ल्यांत ऑइल इंजिनाचे भाग ओतणाऱ्यांनी माझी तुटकी तार हातात घेऊन थट्टा केली आणि तिच्यासारख्या मूठभर करून दिल्या. त्यातल्या काही अजून माझ्याकडे आहेत.

नव्वदचं दशक सोन्याचं होतं असं मात्र कुणी समजू नये. याच वर्षांत खाणीवरचं जिलेटीन डोहात टाकून मासे मारणारे होते, आणि त्यांच्याबद्दल गावात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी तोंड उघडत नव्हतं. एका स्फोटात पिल्लासकट डोह रिकामा व्हायचा. आम्ही रात्र रात्र जागून ब्रेक गुळगुळीत करत होतो आणि पलीकडच्या वळणावर माशांचं पोट वर येत होतं. त्या मंडळींतले काही पुढे पुढारी झाले, निसर्गप्रेमावर भाषणं करताना मी त्यांना ऐकलंय. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि वरच्या जंगलात, जलाशयाच्या काठाने फिरण्यावर बंधनं आली. आमच्यातले पुष्कळ कुरकुरले. मी नाही. ज्यांनी जिलेटीनवर तोंड उघडलं नाही त्यांना काठ बंद झाल्याची तक्रार करायचा हक्क नाही.

दोन हजारानंतरची वर्षं भरभर सांगता येतात, कारण त्यांत माझ्या कामाचं फारसं घडलं नाही. घड्याळं बॅटरीची झाली. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं सरकारने ठरवलं तोवर आमचे घड्याळवाले सेल बदलून देण्यापुरते उरले होते. त्यांच्या टपरीत आता मोबाइलच्या काचा आणि कव्हरं मिळतात. सायकलवाल्याच्या मुलाने दुचाकीचं शोरूम टाकलं. चपला शिवणारे काका गेले, त्यांचा मुलगा पनवेलला आहे. पोफळीचा फिटर निवृत्त होऊन आपल्या गावी गेला. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी नदीकाठच्या घरांचं जे केलं, आंबेघर आणि मिरगावात डोंगर कोसळून जी माणसं गेली, त्यापुढे रिळांचं बोलायची लाज वाटते, म्हणून तेवढं बोलून पुढे जातो.

नवी रिळं वाईट नाहीत, हे मी पुतण्यापुढे कबूल करत नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. कुत्र्याच्या जागी आता रोलरची एकतर्फी बेअरिंग असते, हँडल तसूभर मागे जात नाही. ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या, पाण्याने फुगत नाहीत. मोबाइलवर दुरुस्ती शिकवणारे परदेशी लोक तर कराडच्या गृहस्थांच्या अगदी उलट. सगळं उघडं ठेवून, हळू हळू, न कंटाळता दाखवतात. मी त्यांच्याकडून बरंच घेतलं. पण ते दर दुसऱ्या मिनिटाला म्हणतात, आता अमुक क्रमांकाचा भाग मागवा. तो मागवायचा कुठून? १९३२ मध्ये फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे यांनी सुरू केलेल्या पेन कंपनीने आपल्या रिळातल्या चकतीपासून स्क्रूपर्यंत प्रत्येक भागाला क्रमांक दिले, तक्ते छापले. म्हणजे रीळ कधीतरी उघडलं जाणार, हे बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. पुतण्याचं रीळ मी उघडलं, तर ग्रॅफाइटच्या अंगात थेट रुतवलेले स्क्रू. दोनदा काढले की आटे गेले.

उद्यमनगरातून उरलेली एक तार मी त्यात बसवून पाहिली. जाडी जास्त झाली, बेल धाडकन पडते. दुसऱ्या जाडीची तार वळून देणारा पाटणात मिळाला नाही, कराडला विचारलं तर नवीन घ्या म्हणाले.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची यंत्रं, मोबाइल, घरातली उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. मासेमारीची साधनं नाहीत, आणि ती असावीत असं म्हणायला दिल्लीला कोण जाणार? पण समजा उद्या रिळांचंही नाव त्यात आलं, कंपनीने तक्ते टाकले, तर ते पाहून चकती कापणार कोण, हे पोर्टलवर लिहिलेलं नसतं. हक्क मिळेपर्यंत हात गेले.

मित्राचं ते अ‍ॅबू त्याने गाव सोडताना मला देऊन टाकलं. पहिल्या पावसाच्या तांबड्या गाळाने त्याचा दोरा सारखा पसरवणारा आडवा स्क्रू खाल्लाय आणि त्यात चालणारा चिमुकला पॉलही. बाकी रीळ उत्तम आहे. अ‍ॅम्बॅसेडर ५०००, लाल रंगाचं. मुंबईहून परत आलेल्या कुणाच्या ट्रंकेत, माळ्यावर, असलं एखादं मोडकं रीळ पडलं असेल आणि त्यातला एवढा भाग शाबूत असेल, तर मला हवा आहे. किंमत सांगाल ती. बदल्यात मिचेल ३०० ची बेलची स्प्रिंग देईन, कोल्हापुरात वळलेली, मूळच्या फ्रेंच स्प्रिंगपेक्षा टिकाऊ.