रात्रीची खाट, दिवसाची खाट

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या घरी आत्याबाई रात्री आठला जेवून खाटेवर पडत. साडेदहापर्यंत नुसती कूस बदलायची. मग झोप, दोनला जाग, तीनला पुन्हा डोळा लागायचा आणि पाचला उठायचे. नऊ तास अंथरुणात, झोप साडेपाच तास. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, ती तीन वर्षे कुणी बंद केली नाही. एका रात्री लघवीला उठताना तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. मी डॉक्टर नाही. पण तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे.

अमेरिकेतील वृद्धोपचार तज्ज्ञांची 'बीअर्स यादी' अशा गोळ्या 65 वर्षांपुढे शक्यतो टाळाव्यात असे सांगते, कारण पडणे, हाड मोडणे आणि भ्रम. तिथल्याच फिजिशियनांच्या संघटनेने 2016 मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत सुचवली.

तिचे मर्म साधे आहे. झोपेलाही भूक असते. आपण जितके जागे, तितकी ती साठत जाते. दिवसभर फराळ चाखणाऱ्याला जेवणाच्या वेळी भूक नसते, तसेच दुपारी दोन तास झोपून आठला अंथरूण धरणाऱ्याचे होते. म्हणून आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये उलटा उपाय मांडला: अंथरुणातला वेळच कमी करा. आधी आठवडा-दोन आठवडे वहीत नोंद ठेवायची. वृद्धांसाठीच्या पद्धतीत प्रत्यक्ष झोपेत अर्धा तास मिळवतात, मात्र सहा तासांखाली जात नाहीत. आत्याबाईंचा हिशेब सरळ निघाला: अकराला आडवे व्हायचे, पाचला उठायचे. झोप सलग लागू लागली की वेळ हळूहळू वाढवायची.

दुसरा भाग रिचर्ड बूटझिन यांचा, 1972चा. खाट झोपेसाठीच, झोप येत नसेल तर उठून बसायचे. आपल्याकडे हेच सर्वांत अवघड आहे. म्हाताऱ्या माणसाची खाट म्हणजे त्याचे सगळे घर. जेवण तिथे, टीव्ही तिथे, पाहुणे तिथेच बसणार. खाट दिसली की झोप यावी, ही ओळखच पुसली जाते. शिवाय आमच्या भागात शेतीची वीज रात्रीची आली की दारं धरायला जागायचे. त्यात उमेद गेलेल्यांना रात्र ही झोपेची वेळ आहे हे शरीराला पुन्हा शिकवावे लागते.

डॅनियल बाइस आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये पिट्सबर्गला 79 वृद्धांवर केलेला अभ्यास मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन भेटी, दोन फोन, चार आठवडे. शिकवणारी एक परिचारिका. निद्रानाश सुटलेले 55 टक्के. नुसती माहितीपत्रके मिळालेल्यांत 13 टक्के. म्हणजे छापील सल्ला पुरत नाही, विचारपूस करणारे माणूस लागते. ज्या जिल्ह्यात 1970 पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी फारशा न शिकलेल्या बायकांना गावाचे आरोग्य सांभाळायला शिकवले, तिथे एक वही आणि चार आठवड्यांची विचारपूस अशक्य का असावी?

पथ्ये मात्र आहेत. जुनी गोळी एकदम तोडू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडी थोडी उतरवावी. मोठे घोरणे, श्वास अडकणे, फिट्स किंवा उन्मादाचा आजार असेल तर आधी तपासणी. आणि पडण्याची भीती असेल त्याने अंधारात फिरू नये.

म्हणून आत्याबाई रात्री उठत नसत. दिवा लावून खाटेवरच उठून बसत. दिवसासाठी ओसरीवर खुर्ची टाकली. पहिला आठवडा त्यांनी मला मनसोक्त शिव्या घातल्या. पाचला उठायचे कार्तिकातल्या काकड्याने सोपे केले. गोळी सुटायला पाच महिने लागले. दुपारची डुलकी मात्र त्यांनी सोडली नाही. अर्ध्या तासावर तडजोड झाली.