माशी चावली, लस कुणाला?

मंडईत कापलेल्या फणसावरची गांधीलमाशी चावून हात कोपरापर्यंत सुजला, तरी लस, म्हणजे विषाची इम्युनोथेरपी, सहसा लागत नाही. ती सूज काही दिवसांत उतरते. डंखानंतर काही मिनिटांत धाप लागली, घसा आवळला, रक्तदाब घसरून शुद्ध हरपली, तर मात्र प्रकरण गंभीर. अशा माणसाची त्वचेची किंवा रक्ताची चाचणी त्याच माशीच्या विषाला पॉझिटिव्ह आली, तर हा उपचार सुचवतात. नुसत्या चाचणीवर नाही. आयुष्यात कधी त्रास न झालेल्या अनेकांचीही ती पॉझिटिव्ह येते. शिवाय डंखानंतर लगेच केलेली चाचणी फसवू शकते, म्हणून 4 ते 6 आठवडे थांबणं बरं.

फक्त अंगभर पित्त उठलं असेल, तर लहान मुलांना बहुधा गरज नसते. मोठ्यांच्या बाबतीत धंदा विचारावा: मधपाळाला डंख चुकणार थोडेच! मास्ट पेशींचा (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींचा) आजार असल्यास पारडं उपचाराकडे झुकतं.

किल्ल्यावर आग्यामोहोळ उठून शेकडो डंख बसले, तर ती ॲलर्जी नव्हे, विषबाधा. ॲलर्जी नसली तरी जीव जाऊ शकतो.

उपचार 3 ते 5 वर्षांचा. विषाची मात्रा वाढवत साधारण 100 मायक्रोग्रॅमपर्यंत नेतात. मधमाशीचे तयार अर्क मुख्यतः युरोपीय मेलिफेरा माशीचे, आपल्याकडे आग्या, सातेरी या मधमाश्याही चावतात. तेव्हा चावलं काय, ते डॉक्टरांना नीट सांगा: मधमाशीचा काटा कातडीत राहतो, गांधीलमाशीचा सहसा नाही.